अभ्यास संपतो कधी?

"काय करायलास बाळा सध्या?" लातूरच्या आडत बाजारात आमच्या सोयाबीनचं पोतं काट्यावर टाकता टाकता हमाल काकांनी विचारलं. मी म्हणलं, अभ्यास.

"आन् तो संपतो कधी?"

टोमणा नव्हता, खरंच विचारलं होतं त्यांनी. मी नुसतं हसलो, तोवर काका पुढच्या पोत्याकडं गेले पण.

तिकडं मुनीमनं मूठभर दाणे मॉइश्चर मीटरमध्ये टाकले, ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो, आमचा 15 आला, म्हणजे भाव कापला. बाबा काहीच बोलले नाहीत, खाली सांडलेले चार दाणे वेचून परत पोत्यात टाकले फक्त. लै कसंतरी झालं राव, कारण याच पट्टीतून (विकलेल्या मालाच्या पैशातून) माझं संभाजीनगरच्या रूमचं भाडं अन् मेसचे पैसे जाणार.

मी 27 चा. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला ओपनला वय 38 पर्यंत चालतं, त्यामुळं दरवर्षी वाटतं अजून टाईम आहे की. 2025 पासून मुख्य परीक्षा डिस्क्रिप्टिव्ह केली, म्हणजे पर्याय निवडायच्या ऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची, तेव्हा वाटलेलं बास आता, सोडू, अन् पुढच्याच आठवड्यात नव्या नोट्स काढायला बसलो (जुन्या अजून माळ्यावर हायेत, आई रद्दीत देऊ देत नाही). आवड म्हणून करतोय का सोडायची लाज वाटते म्हणून, तेच कळंना.

येताना एसटीत बाबांना म्हणलं, इथंच एखाद्या डाळ मिलमध्ये अकाउंटचं काम बघू का? त्यांनी खिडकीबाहेर बघत एवढंच विचारलं, "फॉर्म भरला का यंदाचा?"

तुमच्यातल्या कुणी मधेच सोडलंय का? नेमकं कोणत्या दिवशी ठरवलं?