रुक्मी, भाग ९ : सारथ्याची बोली अडली

मंडळी, रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याच्यावरची माझी फॅनफिक्शन कथा मी एओथ्रीवर (फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर) भागाभागाने टाकते. नवव्या भागानंतर लगेच दहावा टाकते असं मागच्या वेळी म्हणाले होते. जमलं नाही. अकरा दिवस एकाच कमेंटपाशी अडकले.

आधी चांगलं सांगते. आठव्या भागाखाली कुणीतरी नुसतं 'आणखी एक कुडोस' लिहून गेलं. एओथ्रीवर एका कथेला एका खात्यावरून एकदाच कुडोस, म्हणजे 'आवडलं'चं बटण, देता येतो, मग कथा तीन भागांची असो की तीसची. सुरुवातीला बटण दाबलेला वाचक अजून सोबत आहे की मधेच उठून गेला, हे कमेंटवरूनच कळतं. त्या तीन शब्दांवर माझा अख्खा दिवस मजेत गेला.

आता ती कमेंट. नवव्या भागात रुक्मी अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांकडे निघतो. अर्जुनाला 'भीत असशील तर मी आहे' म्हणणार, तिथून नाकारला जाणार, मग दुर्योधनही नको म्हणणार, हे आपल्याला पाठच आहे. कृष्णाला मारल्याशिवाय परतणार नाही या शपथेमुळे त्याला आपल्या कौंडिण्यपुरात पाऊल ठेवता येत नाही, म्हणून मी त्याला गावाबाहेरूनच वर्धा उतरवली. सारथ्याला वऱ्हाडी दिली, कारण आजचं कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात, वर्धेच्याच काठावर आहे. वाचकाने लिहिलं : सारथी 'काहून थांबलो आपण?' विचारतो आणि चारच ओळींनी 'का बरं, काय झालं?' म्हणतो, हा एकच माणूस वाटत नाही. खाली अशा सात जागा, ओळींसकट.

मला राग आला. 'न मागता चिरफाड करू नये, एवढा शिष्टाचार पाळा' असं रात्री साडेअकराला लिहून मोकळी झाले. सकाळी पहिल्या भागावरची माझीच टीप उघडली : 'बोलीतल्या चुका जरूर सांगा.' म्हणजे मीच मागितलं होतं, आणि त्यांनी तेवढंच दिलं होतं. कथेबद्दल एक वाकडा शब्द नाही.

उत्तर बदलावं म्हटलं, तर तोवर त्याखाली एका मैत्रिणीने 'बरोबर बोललीस' लिहिलेलं. खाली उत्तर आलं की कमेंट संपादित करता येत नाही. पुसली असती तर तिचं वाक्य अधांतरी राहिलं असतं. धागा गोठवणं म्हणजे त्या वाचकाचंच तोंड बंद करणं. म्हणून तिथेच लिहिलं : 'चूक माझी. टीप माझीच होती. सातही जागा बघते.' तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'वाट बघतो.' फार हलकं वाटलं.

माझं मत आता पक्कं आहे. लेखकाने मागितलं नसेल तर चुका काढू नयेत, हा आपला नियम योग्यच आहे. पण मागायचं तर दर भागाच्या डोक्यावर स्पष्ट मागावं. पहिल्या भागातली टीप नवव्यापर्यंत लेखकालाच आठवत नाही. माझी नवी टीप अशी : 'बोली : चुका सांगा. कथानक : आत्ता नको.'

दुरुस्तीला बसले. फोनवरचं बोलून टायपिंग वऱ्हाडीसाठी अजिबात वापरू नका, माझ्या प्रत्येक 'काहून'चं त्याने 'खाऊन' केलं. शेवटी वहीत लिहिलं आणि आर्वीच्या मामीला सीताबर्डीवरून फोन लावून वाचून दाखवलं. दुसऱ्याच ओळीला ती म्हणाली, "ह्या वळीले हा मानूस पुन्याले काहून गेला?" सहा जागा तिने तासाभरात सरळ केल्या.

सातवी जागा छावणीतली. तिथे सारथी पांडवांच्या पहारेकऱ्याशी बोलतो, आणि ती सुधारताना माझा हात थांबला. घरी 'काहून' म्हणणारा माणूस परक्या दारात आपोआप 'का बरं' म्हणतो. मीही ऑफिसात हेच करते. ही चूक नाही, हे रुक्मीला ऐकू यायला हवं! अर्जुनाने नाकारायच्या आधीच त्याला आपण इथले नाही हे कळेल.

म्हणून छावणीचा प्रसंग नवव्यातून काढला. त्या वाचकाला बीटा, म्हणजे भाग टाकण्याआधी वाचून चुका सांगणारे, व्हाल का, असं विचारलंय. दहावा भाग आता त्या 'का बरं'पासून सुरू होतो.