खडूची खूण

पॅरिसमधल्या सहा दिवसांपैकी पाच दिवस आयफेल टॉवर, लूव्र आणि नदीवरची होडी यांत गेले आणि त्यांविषयी वेगळे सांगावे असे माझ्याकडे काही नाही. लिहायला बसले आहे ते सहाव्या दिवसासाठी, कारण त्या दिवशी मी फ्रान्सच्या थोर व्यक्तींच्या समाध्या असलेल्या पँथिऑनला गेले.

मी सव्वीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. लॉक, माँतेस्क्यू, व्हॉल्तेअर, रूसो या विचारवंतांची नावे दर वर्षी फळ्यावर एकाखाली एक लिहिताना त्यांतल्या दोघांच्या समाधीसमोर आपण कधी उभ्या राहू, असे मला वाटले नव्हते. पँथिऑनच्या तळघरात व्हॉल्तेअर आणि रूसो समोरासमोर आहेत. हयातीत एकमेकांविषयी कडवटपणे लिहिणारे हे दोघे १७७८ साली जेमतेम महिन्याच्या अंतराने वारले आणि फ्रेंच क्रांतीने १७९१ मध्ये एकाला व १७९४ मध्ये दुसऱ्याला येथे आणून ठेवले. रूसोची समाधी लाकडी असून तिला एखाद्या छोट्या देवळाचा आकार दिला आहे. तिच्या किलकिल्या दारातून एक हात बाहेर आला आहे आणि त्या हातात पेटती मशाल आहे. त्या हाताकडे मी बराच वेळ पाहत राहिले. राज्य राजाचे नसून सार्वभौमत्व लोकांचे असते, असे सांगणारा 'सामाजिक करार' हा रूसोचा ग्रंथ १७६२ साली प्रसिद्ध झाला आणि रूसोच्या जन्मगावाने, जिनिव्हाने, तो जाळला. त्याच वर्षी तुलूझमध्ये झाँ कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याला, मुलगा कॅथलिक होऊ नये म्हणून त्याने त्याचा खून केला अशा आरोपावरून, चाकावर हाडे मोडून ठार मारण्यात आले. त्याचे निर्दोषत्व १७६५ मध्ये मान्य होईपर्यंत व्हॉल्तेअर पत्रे आणि पुस्तिका लिहीत राहिला.

एवढे मनाशी उजळत होते तोच आमच्या गटाच्या वाटाड्याने घड्याळ दाखवून हाक मारली. तळघरासाठी दहा मिनिटे ठरलेली होती आणि वर दुकानासाठी अर्धा तास. मला मनापासून राग आला. जिने न झेपणाऱ्यांना वर थांबू द्यावे हे योग्यच, पण ज्यांना थांबायचे आहे त्यांनाही हाकत न्यायचे, ही सहलीची रीत मला मान्य नाही. मी आणि लेक गटातून बाहेर पडलो.

"आई, अजून कोणाला शोधते आहेस?" तिने विचारले.

थॉमस पेन येथे नाही, हे मला माहीत होते. तरीही त्या मोठ्या नावांमध्ये मला त्याचीच उणीव जाणवत होती, कारण कॉर्सेट शिवणाऱ्या इंग्रज कारागिराचा हा मुलगा आमच्या पुण्यापर्यंत पोहोचला होता. १८४७ साली विशीतल्या जोतीराव फुल्यांनी त्याचे 'राइट्स ऑफ मॅन' (माणसाचे हक्क) हे पुस्तक वाचले आणि पुढच्याच वर्षी मुलींची शाळा काढली. फ्रेंच क्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्कला उत्तर म्हणून १७९१ साली लिहिलेल्या त्या पुस्तकात पेन म्हणतो की, हक्क कोणा राजाने सनदेतून दिलेले नसतात, ते माणसाबरोबरच जन्माला येतात, आणि मेलेल्या पिढीला जिवंत पिढीवर राज्य करण्याचा अधिकार नाही. ज्या समाजात माणसाचे स्थान पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून ठरत आले, तेथील तरुणाला हे वाक्य कसे भिडले असेल, हे मी लेकीला सांगत होते आणि सांगता सांगता आम्ही सुफ्लो रस्त्याने उतरून लक्झेंबर्ग बागेपाशी आलो.

बागेच्या कडेचा राजवाडा आता सिनेटचे सभागृह आहे, क्रांतीच्या काळात मात्र तो तुरुंग होता. फ्रान्सने सन्मानाने नागरिकत्व देऊन निवडून आणलेल्या पेनने, राजाला मारू नका, अमेरिकेला हद्दपार करा, असे प्रतिनिधिसभेत सांगितले. त्याला फ्रेंच येत नसल्याने भाषणाचा अनुवाद दुसऱ्याने वाचला. डिसेंबर १७९३ मध्ये त्याला येथे डांबले गेले. त्यानेच पुढे लिहिल्याप्रमाणे, ज्यांना गिलोटिनकडे न्यायचे त्यांच्या कोठडीच्या दारावर खडूने आकडा लिहीत. पेनच्या कोठडीचे दार तेव्हा उघडे, भिंतीला टेकलेले होते. आकडा दाराच्या आतल्या बाजूवर पडला, रात्री दार लागले आणि न्यायला आलेल्यांना तो दिसलाच नाही. काही दिवसांतच या दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिएर सत्तेवरून पडला.

ज्या खडूने मी वर्षानुवर्षे 'व्यक्तीचे हक्क' असे लिहिले, त्याच खडूने ते लिहिणाऱ्याचा मृत्यूही लिहिला गेला होता, हे सुचले आणि मी बागेतल्या लोखंडी खुर्चीत बसून राहिले. लेक काही बोलली नाही. तिने माझी पिशवी तेवढी स्वतःकडे घेतली.

उठल्यावर आम्ही ओदेऑन रस्त्यावर गेलो. दहा क्रमांकाच्या घराच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे. लेकीने फ्रेंचमधून एकेक शब्द उलगडून वाचला: जन्माने इंग्रज, स्वीकाराने अमेरिकन, हुकमाने फ्रेंच, १७९७ ते १८०२ या घरात राहिला. मी तिला पुन्हा एकदा वाचायला लावले.