टक्के ठीक, पण प्रश्न काय विचारला होता?

पुण्याला फोन लावला की ख्यालीखुशालीनंतर हा प्रश्न ठरलेला. भाओजी विचारतात, मावशीचे यजमान विचारतात, शाळेतले मित्र तर बातमीचा स्क्रीनशॉट टाकूनच विचारतात. "तुमच्याकडे रोज उठून एक पोल येतो. एकात म्हणे लोकांना ब्रेक्झिटचा पश्चात्ताप होतोय, दुसऱ्यात म्हणे बाहेरून येणारे फार झालेत. मग तिथल्या लोकांचं नक्की म्हणणं काय? आणि एवढे पोल घेऊन निकाल चुकतोच ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी निकालाचं उरकतो. हो, चुकतात, आणि चुकतात तेव्हा सगळे मिळून चुकतात. १९९२ साली शेवटच्या पोलमध्ये मजूर पक्ष किंचित पुढे होता. प्रत्यक्षात जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी जिंकला. २०१५ साली दोन्ही पक्ष बरोबरीत होते, संसद त्रिशंकू होणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मतदान संपलं, रात्री दहाच्या ठोक्याला एक्झिट पोल आला आणि त्यात पंतप्रधान कॅमरन यांचा हुजूर पक्ष कितीतरी पुढे. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे जुने नेते पॅडी अ‍ॅशडाउन टीव्हीवर म्हणाले, हे खरं ठरलं तर मी माझी टोपी खाईन. दुसऱ्या दिवशी कॅमरन यांना चक्क बहुमत मिळालेलं होतं.

त्या फजितीची पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली रीतसर चौकशी झाली. लोक खोटं बोलले, आयत्या वेळी फिरले, हुजूर पक्षाचं नाव घ्यायला लाजले, अशी सगळी आवडती कारणं त्यांनी तपासली आणि मुख्य दोष काढला तो नमुन्यात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शितं सगळी पातेल्याच्या एकाच कोपऱ्यातली निघाली होती. ऑनलाइन पॅनलवर किंवा फोनवर सहज सापडतात ते तरुण राजकारणात जरा जास्तच रस असलेले असतात. सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा पुरेसे सापडतच नाहीत. तेच सर्वेक्षण यादृच्छिक पत्ते काढून, माणसं दारोदार पाठवून, घरी कुणी नसेल तर पुन्हा पुन्हा जाऊन केलं, तेव्हा हुजूर पक्षाची आघाडी बरोबर दिसली. पण त्याला महिने लागतात आणि पैसा लागतो. वर्तमानपत्राला आकडा उद्या सकाळी हवा असतो.

गंमत सांगतो. २०२४ ची चूक १९९२ च्या तोडीची होती. शेवटच्या पोलमध्ये मजूर पक्षाची सरासरी आघाडी अठरा-एकोणीस टक्क्यांच्या घरात होती, प्रत्यक्षात ती दहाच्या आसपास भरली. पण जिंकायचा तोच पक्ष जिंकला, ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा घेऊन बसला, आणि कुणी चौकशीची मागणी केली नाही. विजेत्याचं नाव बरोबर आलं की आकड्यांना सगळं माफ.

म्हणून मी निकालाच्या पोलकडे फारसं बघत नाही. मला रस आहे तो बाकीच्या प्रश्नांत. मी इथल्या एका कंपनीच्या पॅनलवर आहे, म्हणजे काय ते सांगतो. ईमेल येते, लिंक उघडायची. पहिला प्रश्न चॉकलेटच्या जाहिरातीचा, दुसरा विम्याचा, तिसरा एकदम परराष्ट्र धोरणाचा. खाली गोल गोल पर्याय: ठामपणे सहमत, काहीसा सहमत, ना सहमत ना असहमत, काहीसा असहमत, ठामपणे असहमत, माहीत नाही. ज्या करारावर मी आयुष्यात कधी विचार केला नाही, त्यावर किटलीतलं पाणी उकळेपर्यंत मत द्यायचं. मी 'काहीसा सहमत' दाबतो, पुढे जातो, पॉइंट जमा होतात. दोन दिवसांनी मथळा येतो की अमुक टक्के ब्रिटिश जनतेचा कराराला पाठिंबा. त्या टक्क्यांत माझी किटली आहे.

आता मूळ मुद्दा. इतकी वर्षं इथे राहून आणि पोलची कोष्टकं चाळून माझं मत असं झालंय की ब्रिटिश माणसाला तत्त्व विचारलं तर एक उत्तर मिळतं आणि तपशील विचारला तर दुसरंच. दोन्ही उत्तरं प्रामाणिक असतात. भांडण होतं ते राजकारण्यांनी त्यातलं एकच उचलल्यामुळे.

स्थलांतराचंच बघा. बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी व्हावी का, असं सरळ विचारलं की कमी करा म्हणणारे कायम जास्त निघतात. मग त्याच लोकांना एकेक काम घेऊन विचारा. नर्स? डॉक्टर? वृद्धाश्रमात आजी-आजोबांना आंघोळ घालणारे? शेतात फळं तोडणारे? आता बहुतेक जण म्हणतात, आहेत तेवढे राहू द्या किंवा वाढवा. मग कमी नक्की कुणाला करायचं? त्याचं उत्तर कोष्टकात सापडत नाही.

शिवाय मुळात आहेत किती, याचाही अंदाज नसतो. इप्सॉस मोरी ही पोल कंपनी, रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी आणि लंडनचं किंग्ज कॉलेज यांनी २०१३ साली एक पाहणी केली होती. देशात स्थलांतरित किती टक्के असतील, यावर लोकांचा सरासरी अंदाज ३१ टक्के. खरा आकडा होता १३. सरकारी भत्त्यांतल्या दर १०० पौंडांमागे लबाडीने किती घेतले जातात? लोक म्हणाले २४ पौंड. सरकारी आकडा होता ७० पेन्स. हसू नका, आपल्याकडे असले प्रश्न विचारले तर काय होईल याची मला धास्ती वाटते.

इप्सॉसचा आणखी एक जुना पोल आहे, १९७४ पासून चालू असलेला. त्यात पर्यायच देत नाहीत. देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते, एवढंच विचारतात आणि माणूस जे बोलेल ते लिहून घेतात. म्हणून तो मला जास्त भरवशाचा वाटतो. जून २०१६ मध्ये, ब्रेक्झिटच्या सार्वमताच्या तोंडावर, ४८ टक्के लोकांनी आपणहून स्थलांतराचं नाव घेतलं. सार्वमत झालं, युरोपातून बाहेर पडायचा कौल आला आणि ही काळजी उतरत उतरत कोविडच्या काळात अगदी तळाला गेली. त्यानंतरच निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) सपाट्याने चढलं आणि जून २०२३ पर्यंतच्या वर्षात नऊ लाखांच्या वर गेलं. पुढे तो आकडा उतरला, २०२५ च्या मध्याला दोन लाखांच्या आसपास आला, तर काळजी पुन्हा पहिल्या क्रमांकावर. म्हणजे आकडा आणि चिंता यांची कधी गाठच पडली नाही. कारण आकडा कुणाला दिसत नाही; इंग्लिश खाडीतून माणसांनी खच्चून भरलेल्या रबरी होड्या येतात, त्या टीव्हीवर दिसतात. व्हिसा घेऊन हीथ्रोवर उतरणाऱ्या नर्सचं कुणी चित्रीकरण करत नाही.

आरोग्यसेवेचा प्रकार उलटा. एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल समाधानी आहात का, हा प्रश्न ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स नावाची पाहणी १९८३ पासून विचारते. २०१० मध्ये ७० टक्के समाधानी होते. २०२४ मध्ये उरले २१, सगळ्यात नीचांक. हे वाचून भारतातला माणूस म्हणतो, मग मोडीत काढा आणि विमा आणा. पण त्याच पाहणीत पुढे विचारतात की उपचार घेताना पैसे लागू नयेत, हे तत्त्व अजून लागू असावं का. दहातले नऊ जण हो म्हणतात. सेवा वाईट आहे आणि ती हवीच आहे, हे एका श्वासात. ऑपरेशनच्या यादीत दीड वर्ष ताटकळलेला माझा शेजारी एनएचएसला शिव्या घालतो. मी घातल्या तर त्याला राग येतो.

आणि काही निकालांपुढे मी हात टेकले. जुलै २०२१ मध्ये इप्सॉसने 'द इकॉनॉमिस्ट'साठी विचारलं होतं की कोविडचा धोका असो वा नसो, रात्री दहानंतर घराबाहेर पडायला कायमची बंदी असावी का. १९ टक्के म्हणाले, असावी. कायमची! स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या देशात जवळजवळ पाचातला एक.

प्रश्नाची शब्दरचना हा इथे थट्टेचा विषय नाही, हेही सांगायला हवं. २०१५ साली सार्वमताचा प्रश्न ठरत होता तेव्हा सरकारचा मसुदा होता, युनायटेड किंगडमने युरोपियन युनियनचं सदस्य राहावं का: हो किंवा नाही. निवडणूक आयोगाने हरकत घेतली. नुसतं 'राहावं का' असं विचारलं तर राहण्याचं पारडं जड होतं, बाहेर पडण्याचा पर्यायही प्रश्नात लिहा. तसा बदल झाला. पुढच्या वर्षी ५१.९ विरुद्ध ४८.१ असा निकाल लागला. जुन्या शब्दांत काय झालं असतं, यावर लोक अजून वाद घालतात.

मग पोलवरून खरं काय कळतं? सावकाश बदलणारं कळतं. एकच प्रश्न, तेच शब्द, वर्षानुवर्षं. समलिंगी संबंधांत काहीच गैर नाही असं म्हणणारे १९८३ साली १७ टक्के होते. एड्सच्या भीतीत १९८७ साली ते ११ वर आले, आणि पुढच्याच वर्षी शाळांमधून समलैंगिकतेचा 'प्रसार' करायला पालिकांना बंदी घालणारं कलम २८ आलं. २०२२ साली तेच उत्तर देणारे ६७ टक्के. नवऱ्याने कमवावं, बायकोने घर सांभाळावं, याला १९८७ मध्ये ४८ टक्क्यांची मान्यता होती, २०२२ मध्ये ९ टक्क्यांची. एका पिढीत एवढा पालट झाल्याचं दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर मी पाहिलेलं नाही.

फाशीची गोष्ट याहून वेगळी. संसदेने खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित केली, १९६९ मध्ये कायमची काढली, जनतेचा विरोध असताना. ऐंशीच्या दशकातही जवळजवळ पाऊण जनतेला ती परत हवी होती. खासदारांसमोर ठराव आले, दर वेळी पडले. पाठिंबा पन्नास टक्क्यांखाली उतरायला २०१४ उजाडलं. पोल डोळ्यांसमोर ठेवून राज्य चालवलं असतं तर इथे अजून दोर लटकत असता.

आताचे राजकारणी मात्र पोलला घाबरतात, आणि ते घाबरले की पोल स्वतःच घटना होऊन बसतो. गॉर्डन ब्राउन यांचं उदाहरण मला फार आवडतं. २००७ च्या शरद ऋतूत ते मजूर पक्षाचे नवे पंतप्रधान होते, पोलमध्ये पुढे होते, लगेच निवडणूक घेणार अशी हवा त्यांच्याच माणसांनी तयार केली. मग हुजूर पक्षाच्या अधिवेशनात जॉर्ज ऑसबॉर्न यांनी वारसा कराची मर्यादा दहा लाख पौंडांवर नेण्याचं आश्वासन दिलं. आठवड्याभरात चुरशीच्या मतदारसंघांतल्या एका पोलने ब्राउन यांचा पक्ष मागे पडल्याचं दाखवलं आणि निवडणूक रद्द. वर ब्राउन म्हणाले, पोलचा याच्याशी काही संबंध नाही, शंभर जागांचं बहुमत दिसत असतं तरी घेतली नसती. तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या कॅमरन यांनी संसदेत त्यांची यथेच्छ टर उडवली की जिंकणार म्हणून निवडणूक टाळणारे हे इतिहासातले पहिले पंतप्रधान. ती संधी ब्राउन यांना पुन्हा मिळाली नाही. २०१० मध्ये ते सत्तेवरून गेले.

स्कॉटलंडमध्येही तेच. २०१४ च्या सार्वमताआधी दहा-बारा दिवस यूगव्ह या पोल कंपनीच्या पोलमध्ये स्वातंत्र्यवादी ५१-४९ ने पुढे आले. लंडनमध्ये धावपळ उडाली आणि मतदानाच्या दोनच दिवस आधी कॅमरन, मिलिबँड आणि क्लेग या तिन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांच्या सह्यांचं वचन 'डेली रेकॉर्ड' या तिथल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून आलं: स्कॉटिश संसदेला जास्त अधिकार देऊ. निकाल लागला ५५ विरुद्ध ४५, वेगळं न होण्याच्या बाजूने. पण वचन देऊन झालं होतं, ते पाळावं लागलं. दोन टक्क्यांची ती आघाडी.

राहिला तुमचा हमखास उपप्रश्न, इथले भारतीय कुणाला मत देतात? (भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यालाही इथे संसदेसाठी मतदान करता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. राष्ट्रकुलाची कृपा.) २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये भारतीय वंशाचे ३.१ टक्के होते. म्हणजे दोन हजारांच्या नमुन्यात साधारण साठ. साठ जणांच्या उत्तरात दहा-बारा टक्के इकडे-तिकडे सहज होतात, आणि त्यावर 'भारतीय मतदार फिरला' असा मथळा चढतो.

मी राहतो त्या लेस्टरमध्ये २०२४ साली काय झालं ते सांगतो. १९८७ पासून मजूर पक्षाकडे असलेली लेस्टर ईस्टची जागा हुजूर पक्षाच्या शिवानी राजा यांनी घेतली. सगळ्या देशात हुजूर पक्षाचा धुव्वा उडत असताना त्यांनी मजूर पक्षाकडून जिंकलेली ही एकमेव जागा. भारतीय फिरले म्हणावं, तर मजूर पक्षाचे दोन माजी खासदार, क्लॉडिया वेब आणि कीथ वाझ, त्याच जागेवर पक्षाविरुद्ध उभे होते आणि मतं खात होते. मतदारसंघ ६५०, नमुना दोन हजारांचा, म्हणजे लेस्टर ईस्टच्या वाट्याला सरासरीने तीन माणसं. त्या तिघांपैकी कुणी वाझ यांचं नाव घेतलं असतं, तर कोष्टकात ते 'इतर' या रकान्यात गेलं असतं.