चिखलदऱ्याची कोजागिरी आणि होळीला उघडलेले तंबू

कोजागिरीच्या मुक्कामासाठी आम्ही पाच जण अंजनगाव सुर्जीहून परतवाड्यामार्गे घाट चढून चिखलदऱ्याला गेलो, तेव्हा सोबत दोन तंबू होते. मेळघाटच्या जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यात, त्यांच्या परवानगीने, रात्र काढली. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या त्या रात्री इतके दव पडले, की पहाटे कापडाला बोट लावताच पाणी ओघळू लागले. ऊन चढेपर्यंत थांबायला हवे होते. पण परतायची घाई असल्याने ओले तंबू तसेच पिशव्यांत कोंबले.

घरी वेचणी सुरू झालेली होती. तंबू कापसाच्या खोलीतल्या कोपऱ्यात गेले, मागोमाग हरभऱ्याची पेरणी आली आणि त्यांची आठवण झाली ती थेट होळीला. पिशवीची दोरी सोडताच कुबट वास आला. नव्या तंबूवर बुरशीचे काळे ठिपके होते, आणि आतल्या खिशात विसरलेल्या फुटाण्यांसाठी उंदरांनी जाळी कुरतडली होती. जुन्याची गत अधिक वाईट होती: तळाच्या कापडावरचा, पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन घड्या एकमेकींना धरून बसल्या होत्या, आणि त्या सोडवताना पापुद्रे हाताला लागत होते. हा लेप ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, उष्णतेने ती क्रिया वाढते, आणि एकदा सुटलेला लेप पूर्ववत होत नाही.

म्हणून मागून जाणाऱ्यांना सांगणे असे, की निघताना वरचे ओले आच्छादन झटकून, पुसून वेगळ्या पिशवीत भरावे आणि घरी पोहोचल्याच दिवशी सारे उघडून ओसरीत दोरीवर टाकावे. सावलीतच, कारण उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉन कमकुवत होते. कापड वरून कोरडे वाटले तरी शिवणी आणि कडांच्या दुमडी ओल धरून ठेवतात. त्या उलट्या हाताने चाचपून पाहाव्यात आणि एक दिवस जास्तच वाळवावे. चिखल साध्या पाण्याने, स्पंजने काढावा. धुण्याची पावडर आणि वॉशिंग मशीन दोन्ही वर्ज्य, कारण त्यांनी लेप आणि शिवणीवरची पट्टी खराब होते. जोडकाठ्या दुमडताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे आतल्या लवचिक दोरीवर सारखा ताण येतो.

तंबूची मूळ पिशवी प्रवासापुरती आहे. घरी तो सुती खोळीत सैलसर ठेवावा. टिनाच्या छपराखालचा तापणारा माळा, धान्याच्या कोठ्या आणि फवारणीची औषधे यांपासून दूर. खिसे झटकायला विसरू नये. आमचा वाचलेला तंबू आता गोदडीच्या जुन्या खोळीत मधल्या घराच्या खुंटीला टांगलेला असतो, आणि संक्रांतीच्या साफसफाईत त्याला एकदा वारा दिला जातो.