तुम्ही विचारलंत म्हणून : मी ‘बघू’ का म्हणत नाही?

‘ताई, तुम्ही कुणालाच “बघू” म्हणून वाटेला का लावत नाही? तोंडावर नाही म्हणणे जड जात नाही का?’ हा प्रश्न नातलगांपासून सोसायटीतल्या शेजाऱ्यांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

नाशिकच्या एका बँकेत मी बरीच वर्षे कर्ज विभागात होते. एका सप्टेंबरमध्ये निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार गोडी छाटणीच्या, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीच्या, खर्चासाठी कर्ज मागायला आले. सातबारा सामाईक होता, भावाची संमती जोडलेली नव्हती आणि ती मिळणारही नाही, हे त्यांच्या बोलण्यावरूनच मला कळले होते. त्यांच्या नखांच्या कडांना फवारणीतल्या मोरचुदाची निळसर झाक होती. कागद ते पुन्हा पुन्हा सरळ करत होते. माझ्याच्याने ‘नाही’ म्हणवेना. ‘बघू, काहीतरी करू,’ असे मी म्हणाले. माझ्या लेखी तो नकार होता, त्यांच्या लेखी तो शब्द होता. त्यावर विसंबून त्यांनी दुसरीकडे पैशांची सोय केली नाही, मजुरांच्या टोळीला दिलेली तारीख हुकली आणि छाटणी तीन आठवडे लांबली. दिवाळीनंतर आले तेव्हा ते भांडले नाहीत. ‘मॅडम, त्याच दिवशी नाही म्हटलं असतंत, तर मेव्हण्याकडून घेतले असते,’ एवढेच बोलले.

मी खोटे बोलले नव्हते, आणि नेमके तेच मला अधिक टोचले. आपले वाक्य खरे आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. ऐकणारा त्यावर भरवसा ठेवून उद्या काय करणार आहे, तेही आपणच पाहायचे असते.

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३००० कार्षापणे (त्या काळची नाणी) ठेवली : २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे, हेही त्यात नोंदले आहे. (लेण्यांतसुद्धा हिला व्याजदरच दिसतो, असे आमच्या घरी म्हणतात.) त्या लेखात ‘बघू’ला जागाच नाही.

आता नकार असेल तर तो मी त्याच दिवशी, कारणासह आणि शक्यतो एकांतात सांगते. स्पष्टवक्तेपणाच्या नावाखाली चारचौघांत अपमान करणे मला मान्य नाही. उत्तर ठाऊक नसेल तर काम कशावर अडले आहे आणि कोणत्या दिवशी कळवीन ते सांगते, आणि सांगण्यासारखे काही नसले तरी त्या दिवशी फोन करते, जे सर्वांत कंटाळवाणे आहे. चप्पल पायात नसताना ‘निघालेच आहे’ म्हणायची खोड मात्र अजून गेलेली नाही.

गेल्या महिन्यात भाच्याने विचारले, ‘मावशी, जामीन राहशील?’ पेन्शनवर मी जामीन राहणार नाही, असे चहा येण्याआधीच सांगितले. तो चहा न घेताच गेला आणि चार दिवसांत त्याने दुसरा जामीनदार शोधला. बहीण अजून माझ्याशी तुटकच बोलते.