जत्रेची रात्र आणि वाडीतली बंद घरे

गेल्या मार्गशीर्षात सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या जत्रेच्या रात्री वाडीतले एक बंद घर फुटले आणि ते आमच्या लक्षात यायला बारा दिवस लागले. घरातली माणसे डोंबिवलीला असतात. गणपतीत सात दिवस, शिमग्याला जमले तर दोन दिवस आणि मे महिन्यात मुलाबाळांसह पंधरवडा एवढाच त्यांचा गावाशी सहवास. चोरांनी पुढच्या दाराच्या कडी-कोयंड्याला हातही लावला नव्हता. मागीलदारी न्हाणीघराच्या छपरावर चढून त्यांनी मोजकी कौले काढली, ती एका बाजूला नीट रचून ठेवली, माजघरात उतरले आणि आतून मागचे दार उघडून सामान नेले. बाराव्या दिवशी कोणाची तरी शेळी तिकडे शिरली आणि तिला हाकलायला गेलेल्या मुलाला ते दार उघडे दिसले. शेजारच्या आजी त्या रात्री जत्रेला गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "रात्री माका आवाज इलो हुतो, पण माका वाटलां रानडुकर आसतलो." हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता, आणि त्यांना दोष द्यावा असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही, कारण त्यांच्या जागी आम्हालाही तेच वाटले असते.

पंचनाम्याच्या वेळी जे घडले ते मला चोरीहूनही अधिक लागले. बीट अंमलदारांनी काय काय गेले असे विचारले, तेव्हा फोनवरून घरच्यांना ते सांगता येईना. समया दोन होत्या की तीन, पितळेची घंगाळे एकच की जोडीचे, यावर भावंडांत मतभेद झाले. तांब्याच्या हंड्यावर आजीचे नाव आणि साल घातलेले होते एवढे सर्वांना आठवत होते. साल कोणते ते कोणालाच आठवत नव्हते. उद्या जुनी भांडी विकत घेणाऱ्या एखाद्या मोडवाल्याकडे तसा हंडा सापडला, तर तो आपलाच आहे हे सिद्ध करायला त्या कोरलेल्या अक्षरांचा एक फोटोसुद्धा आमच्यापाशी नव्हता.

हिवाळ्यातच हे का घडते, याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला. पावसाळ्यात वहाळ भरलेले, पायवाटा चिखलाच्या, शेतात माणसांचा राबता आणि लगोलग गणपतीला भरलेली घरे असतात. दिवाळी उलटली की चित्र पालटते. भात घरात आलेले असते, सड्यावरचे गवत कापून झालेले असते, वाटा सुकतात आणि परक्या माणसालाही रात्री गावातून आरपार जाता येते. थंडीमुळे माणसे लवकर दारे लावून निजतात. कार्तिकी एकादशीपासून एकेका गावच्या जत्रा सुरू होतात, दशावतारी नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि जत्रेची तिथी पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक असते. म्हणजे अमुक रात्री अमुक वाडी रिकामी असणार, हे आपणच आधी जाहीर केलेले असते. पुढे नाताळच्या सुट्टीत किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या येतात, आणि त्या गर्दीत अनोळखी वाहनाकडे कोणी वळूनही पाहत नाही.

घरे बंद का आहेत, हा प्रश्न जुना आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. रत्नागिरी जिल्ह्याचेही तसेच झाले. आमच्या वाडीत एकवीस घरे आहेत आणि त्यांतल्या नऊ घरांना वर्षातले दहा महिने कुलूप असते. उरलेल्या बारांपैकी पाच घरांत केवळ साठीच्या पुढची माणसे आहेत. पोलीस गस्तीची गाडी रात्रीतून एकदा मुख्य रस्त्याने जाईल, पण चिऱ्याच्या गडग्यांमधून आत आलेल्या पाणंदीत ती कशी शिरणार? एका ठाण्याच्या हद्दीत कितीतरी गावे आणि प्रत्येक गावाच्या कितीतरी वाड्या असताना, कोणते घर बंद आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे पोलिसांना आपण सांगितल्याखेरीज कळणार नाही. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

सांगायचे कोणाला, हेही ठरलेले आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार पोलीस पाटील हा गाव आणि ठाणे यांच्यामधला दुवा आहे. गावातल्या गुन्ह्याची खबर देणे आणि गुन्हे रोखायला पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची कामे कायद्यातच आहेत. २०२४ मध्ये राज्य शासनाने त्याचे मानधन दरमहा ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये केले, ते योग्यच झाले असे मी मानते. मात्र आम्ही गावकरी त्यांच्याकडे दाखल्यासाठी किंवा तंट्यासाठी जातो, "आम्ही आठ दिवस मुंबईला चाललो आहोत" हे सांगायला जात नाही.

चोरीनंतर आम्ही बायकांनी पुढाकार घेऊन एक वही केली. प्रत्येक बंद घरापुढे मालकाचा फोन, किल्ली सांभाळणाऱ्याचे नाव आणि शेवटी घर कधी उघडले ती तारीख लिहिली. पंधरा दिवसांतून एकदा किल्लीवाल्याने आत जाऊन दिवा लावायचा, केर काढायचा, छप्पर आतून पाहायचे आणि वहीत सही करायची. भांड्यांचे आणि त्यांवरच्या नावांचे फोटो काढून ते घरमालकांना पाठवले. पाच घरमालकांनी सोने आणि देवाचे चांदीचे टाक आपल्याबरोबर नेले, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. वहीची एक प्रत पोलीस पाटलांकडे आणि एक पोलीस दूरक्षेत्रात, म्हणजे ठाण्याच्या चौकीत, दिली. ती वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र टाकली नाही, कारण बंद घरांची यादी चुकीच्या हाती पडली तर चोराचेच काम सोपे होईल.

तक्रारीबद्दल मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत तिच्यावर सही केली की ती नोंदवून घेतली जाते. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला यावरून तक्रार नाकारता येत नाही. सुट्टी मिळेपर्यंत थांबून पंधरवड्याने तक्रार देण्याचे आता काहीच कारण नाही. आणि चोर घरात असल्याचा संशय असेल तर स्वतः दार उघडून आत जाऊ नये, ११२ क्रमांक लावावा.

कोकणाच्या किनाऱ्याला या जागरूकतेचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे थंडीच्याच दिवसांत, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबई हादरली. आज किनारपट्टीवर सागर रक्षक दलाची माणसे पोलिसांना माहिती देतात, त्यांत आमच्या मच्छीमार बांधवांचा वाटा मोठा आहे. खाडीच्या तोंडाशी अनोळखी होडी दिसली की ते ठाण्याला कळवतात, कारण किनाऱ्यावर रोज कोणाची होडी असते हे त्यांना ठाऊक असते. वाडीतही हीच ओळख हवी आहे.

पण या ओळखीची दुसरी बाजू मला फार भिववते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेने जमलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. त्या भागात चोरांच्या भीतीने गावोगावी रात्रीचे पहारे चालू होते. रक्षणासाठी घेतलेली काठी तिघांच्या जिवावर उठली. म्हणून आमच्या रात्रपाळीच्या बैठकीत मी आग्रहाने तीन गोष्टी लिहून घेतल्या: पहाऱ्यावर दोघांहून कमी माणसे नकोत आणि त्यांची नावे ठाण्यात दिलेली असावीत; कोणालाही न अडवता गाडीचा क्रमांक टिपून कळवायचा; आणि खात्री नसलेला कोणताही संदेश गटावर पुढे पाठवायचा नाही. काही तरुणांना हे मवाळ वाटले. मी मागे हटले नाही.

आंब्याला मोहर येतो त्याच सुमारास बागांमध्ये राखणीला नेपाळी कामगार येतात आणि बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, बायकामुलांसह राहतात. चोरी झाली की पहिली बोटे त्यांच्याकडे वळतात. आमच्या चोरीनंतरही तसेच झाले, आणि एका कुटुंबाला दोन दिवस चौकशीला हेलपाटे घालावे लागले. त्यांचा काही संबंध निघाला नाही. बागायतदाराने त्यांची नावे आणि ओळखपत्रे हंगामाच्या आरंभीच ठाण्यात नोंदवली असती, तर तो मनस्ताप टळला असता. ही नोंद त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी आहे असे समजू नये; तिचा पहिला आधार त्यांनाच आहे. यंदा त्याच कुटुंबातल्या बाईंचा फोन क्रमांक आम्ही त्यांना विचारून वहीत लिहिला आहे, कारण रात्री बागेतून वाडीची मागची बाजू त्यांच्याइतकी कोणालाच दिसत नाही.

यंदाच्या जत्रेला वाडीतले चौघे आळीपाळीने मागे थांबणार आहेत. नाटक मध्यरात्रीनंतर रंगते, म्हणून पहिल्या पाळीचे दोघे एक वाजता देवळात जातील आणि दुसरे दोघे परत येतील. दूरक्षेत्राला तिथी कळवली आहे. नऊपैकी सात घरांच्या किल्ल्या आल्या आहेत; वरच्या अंगाची दोन घरे राहिली आहेत. त्या घरांपैकी कोणी हे वाचत असेल, तर कार्तिकी एकादशीच्या आत किल्ली गावी येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवावी आणि माजघरातल्या फडताळाचे फोटो मला खासगीत पाठवावेत.