खडू पिळला तर तिरकाच मोडतो

खडूची दोन टोके धरून तो पिळला, तर सरळ आडवा मोडत नाही. साधारण 45 अंशांच्या मळसूत्री रेषेवर तुटतो. याचे कारण कंपासपेटीने कागदावर काढून दाखवता येते. त्या आकृतीला मोहरचे वर्तुळ म्हणतात. अभियंते कार्ल कुलमान यांनी 1866 मध्ये प्रतिबलासाठी (पदार्थाच्या आत दर एकक क्षेत्रफळावर पडणारे बल) वर्तुळ वापरले, तर ऑटो मोहर यांनी 1882 मध्ये ही रीत विस्ताराने मांडली.

समजा, पत्र्याच्या एका बिंदूपाशी आडवा ताण 80, उभा 20 आणि शिअर, म्हणजे पृष्ठाला समांतर, घसरवू पाहणारे प्रतिबल, 40 मेगापास्कल (प्रतिबलाचे एकक) आहे. 1 सेंमीला 10 मेगापास्कल हे प्रमाण दोन्ही अक्षांवर तेच ठेवा. नाहीतर लंबवर्तुळ होईल, आणि ते कंपासने निघत नाही. आडव्या अक्षावर लंब प्रतिबल (पृष्ठाला काटकोनात असलेले), उभ्यावर शिअर. त्या बिंदूभोवतीच्या छोट्या चौकोनी तुकड्याला घड्याळाच्या दिशेने फिरवू पाहणारा शिअर अक्षाच्या वर, उलट फिरवणारा खाली. उजव्या बाजूवरचा शिअर वर जाणारा असेल, तर तिचा बिंदू (80, −40) आणि माथ्याचा (20, 40). दोन्ही जोडा. रेषा अक्षाला 50 वर छेदते, तोच केंद्र. त्रिज्या बरोबर 5 सेंमी. वर्तुळ अक्षाला 100 आणि 0 वर कापते. ही मुख्य प्रतिबले, म्हणजे जिथे शिअर शून्य असतो तिथली लंब प्रतिबले. सर्वाधिक शिअर 50. पेन्सिल अर्धा मिमी सरकली तर चूक अर्ध्या मेगापास्कलची, म्हणजे किरकोळ.

गोंधळ होतो तो कोनात. जोडरेषा आणि आडवा अक्ष यांच्यात कोनमापकाने केंद्रापाशी 53 अंश येतात, पण धातूत मुख्य प्रतिबलाची दिशा त्याच्या निम्म्याने, सुमारे 26.5 अंशांनीच वळलेली असते. खडूचेही तेच: नुसता शिअर असला की केंद्र आरंभबिंदूवर बसतो, सर्वाधिक ताण वर्तुळावर 90 अंशांवर, म्हणून खडूत 45 वर. खडू ताणाला कच्चा, तिथेच फाटतो. मऊ पोलादाची सळई शिअरला आधी हार मानते, म्हणून पिळल्यावर ती आडवी, सपाट तुटते.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण आकृती अगदी बरोबर दिसते. दाबाखालच्या पातळ नळकांड्यात परिघाच्या दिशेने 80 आणि लांबीच्या दिशेने 40 असेल, तर वर्तुळाची त्रिज्या 20 येते. पण बाहेरच्या पृष्ठावर तिसरे मुख्य प्रतिबल शून्य असते. 0 ते 80 असे मोठे वर्तुळही काढावे लागते आणि खरा सर्वाधिक शिअर 40 निघतो, म्हणजे दुप्पट.